बरणीतली वाकडी सुई

हे मी कधी कुणापुढे बोललो नाही. पत्नीपुढे नाही, भावापुढे नाही. ज्या विद्यार्थ्यांपुढे सारी हयात बोलण्यातच गेली, त्यांच्यापुढे तर नाहीच. आता तुमच्यापुढे बोलतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? शिक्षकाला ही खोड असतेच. समोर बसलेला माणूस आपलाच आहे असे तो धरून चालतो.

मी विकृतिशास्त्र शिकवत असे. शब्दाने दचकू नका. अर्थ सरळ आहे. निरोगी शरीर कसे चालते हे एक शास्त्र सांगते, आणि ते कशाने, कुठे व कसे बिघडले हे सांगणारे शास्त्र म्हणजे विकृतिशास्त्र. शरीर माणसाचे असो वा जनावराचे, इजा झाली की ते तिची खूण ठेवते. आम्ही ती खूण वाचतो आणि मागे मागे जात कारणापाशी पोहोचतो. आमच्या जिल्ह्यातल्याच एका पशुसंवर्धन विद्यालयात, पदविकेच्या वर्गाला, मी पहिल्याच तासाला सांगत असे : जखम पाहण्याआधी जखमेच्या भोवती पाहा. जिवंत शरीरात काही टोचले तर शरीर गप्प बसत नाही. ते त्या वस्तूभोवती भिंत उभी करते — आधी सूज, मग पू, मग घट्ट पांढरे तंतू. मेलेल्या शरीरात तीच वस्तू खुपसा. काहीही होणार नाही. भोक तेवढे पडेल. कोरे. म्हणून, मुलांनो, मेलेले शरीर खोटे बोलत नाही.

पुढचे वाक्य मी वर्गात कधी उच्चारले नाही. ते असे, की त्या शरीराच्या वतीने बोलणारा माणूस मात्र जिवंत असतो.

मी विषयापासून दूर राहतो आहे, हे मला कळते. थोडा धीर धरा. क्रमाने सांगितल्याशिवाय मला सांगता येत नाही.

वरवट बकालच्या अलीकडच्या एका गावात आमचे घर. दादा शेती पाहत. आई होती. आणि शोभावहिनी — दादांची बायको, माहेर रोहिणखेडचे. वहिनी हसायची. एवढे सांगितले म्हणजे तिच्याविषयी पुष्कळ सांगितले. गोठ्याच्या पडवीत उजेड चांगला येई. तिथे जुन्या लुगड्यांचे थर पसरून ती गोधड्या शिवी आणि येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवी. गावातल्या बाळंतिणी तिच्याकडून गोधडी शिवून घेत. तिची एक ठरलेली सुई होती. जाड थरांतून सहज वर निघावी म्हणून तिने ती चुलीच्या जाळावर लाल करून किंचित वाकवून घेतलेली. नखाच्या कोरीएवढा बाक.

गोठ्यात बैलजोडी होती. तिच्यातला चांद्या हा वहिनीच्या माहेरच्या गायीचा गोऱ्हा. लहान असतानाच तो तिच्या मागोमाग आमच्या घरी आला. कपाळावर चंद्रकोर, म्हणून चांद्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याच्या खांद्याला लोणी-हळद ती चोळायची. पोळ्याला जोडी दारात आली की खुरांवर पाणी ती घालायची, ओवाळायची ती, पुरणपोळी भरवायची ती. आमच्याकडे ओवाळणारा हात बदलत नाही. आईने तो हात वहिनीला दिला होता आणि वहिनीला घरात याहून मोठे काही मिळालेले नव्हते. हे मला तेव्हाही नीट माहीत होते. पुढे जे मी केले ते अजाणतेपणी केले, असे कृपा करून समजू नका.

मी नुकताच नोकरीला लागलो होतो. विद्यालय नवे, कपाटे रिकामी. मुलांना शिकवायला निदान एक सांगाडा हवा, म्हणून मेलेल्या एका शेळीची हाडे मी सोड्याच्या पाण्यात उकळून स्वच्छ केली आणि सुट्टीत गावी आणली. हाडे घरात चालणार नाहीत, असे आईने बजावले. मग मी गोठ्यात बसलो. सांगाडा कसा जोडतात ठाऊक आहे? प्रत्येक हाडाला बारीक भोक पाडायचे, त्यातून पोलादी तार ओवायची, पीळ द्यायचा, आणि उरलेले टोक पकडीने तोडून टाकायचे. तोडलेले टोक उडते. कुठे उडते ते मी पाहत नसे. गव्हाणीत सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, भरलेले होते.

वहिनी पडवीत शिवत होती. तिने मान वर केली आणि विचारले, "काऊन हो भाऊजी, जुळल्यावर दूध देईन काय ही बकरी? नाई त मंग इतकी मेहनत काऊन?" दादा हसले. आई हसली. दारातून जाणारा शेजारीही थांबून हसला. मीही हसलो. कितीतरी दिवस ते हसे माझ्या कानात राहिले. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा थट्टेने माणूस दुखावतो? जो आपल्याला गावातला सर्वांत शिकलेला समजतो, तो दुखावतो.

त्याच सुट्टीत वहिनीची वाकडी सुई हरवली. माझ्या नोकरीच्या मुक्कामासाठी ती घरात, पुढच्या खोलीत बसून गोधडी शिवत होती — हो, माझ्यासाठीच. तिने घर पालथे घातले, सर्वांना विचारले. मग दुसऱ्या सुईने गोधडी पुरी करून दिली. एवढे लक्षात ठेवा.

पुढच्या उन्हाळ्यात चांद्या बसला. आधी वैरण सोडली. मग चालताना कोपर बाहेर काढून चालू लागला. उतार आला की थबके. गळ्याखालच्या लोंबत्या कातडीत पाणी साचले. मानेची शीर दोरखंडासारखी फुगली. मी छातीला नळी लावली. ठोका खोल विहिरीतून यावा तसा येत होता. मला निदान करायला क्षणही लागला नाही. गायीबैलांना चावून गिळण्याची सवय नसते. आधी गिळतात, मग निवांत रवंथ करतात. वैरणीतला खिळा, तार, सुई सरळ जाळीदार पोटात जाऊन पडते. त्या पोटाच्या पुढ्यात पातळ पडदा, आणि पडद्याच्या पलीकडे हृदय. पोट आकसते तसतशी ती वस्तू पुढे सरकते. फार सावकाश. उपाय असलाच तर अगदी आरंभी असतो.

वहिनी दिवसभर त्याच्यापाशी बसून राही. शेवटी शेवटी तो मान तिच्या मांडीवर टाकत असे, आणि ते वजन तिला झेपत नसे, तरी ती हलत नसे.

तो गेला. दादा म्हणाले, तू शिकलेला आहेस, काय झाले ते उघडून सांग. बांधावरच्या लिंबाखाली मी त्याला उघडले. माणसे थोड्या अंतरावर उभी होती. वहिनी त्यांच्या मागे. हृदयाभोवतीची पिशवी कापली तेव्हा घाणीचा लोट आला आणि पाहणारे आणखी मागे सरले. हृदयावर जाड, पिवळट थर चढला होता, नासलेल्या दह्याच्या सायीसारखा. मी बोट फिरवले. पडद्याकडून आलेली एक कठीण वाट लागली. तिच्या टोकाला धातू होता. मी तो चिमट्याने ओढला आणि अंगठ्याने पुसला.

एक सरळ तुकडा. टोक नाही, नेढे नाही. दोन्ही बाजू दाबून तुटलेल्या, छिन्नीसारख्या. आणि एका बाजूला अर्धा पीळ.

तो पीळ माझ्या हाताचा होता. स्वतःचे अक्षर ओळखावे तसा मी तो ओळखला.

दादांनी विचारले, काय आहे? मी चिमटा उंच धरला. एवढ्या अंतरावरून त्यांना काळपट काडीसारखे काहीतरी दिसले असेल. मी म्हणालो, "सुई."

बस्स. हा तो शब्द. इतकी वाक्ये खर्चून मी जिथे येत होतो, तो हा एकच शब्द. भीतीने निघाला का? अर्धा भीतीने. उरलेला अर्धा कशाने निघाला, ते सांगायलाच मी बसलो आहे. माणसांनी वळून वहिनीकडे पाहिले. तिचा चेहरा — मी तो पाहिला, मन लावून पाहिला, जसे सूक्ष्मदर्शकाखालचे काही पाहावे. त्या चेहऱ्यावरून हसू कायमचे उतरताना मी पाहिले आणि मला बरे वाटले. त्या दिवसापुरते का होईना, मला खरोखर बरे वाटले.

ती हळूच म्हणाली की सुई तर घरात, पुढच्या खोलीत हरवली होती, गोठ्यात नव्हे. शंका रास्त होती. मी तिला वर्गात समजावतात तसे समजावले : केर काढताना सुई केरात जाते, केर उकिरड्यावर जातो, वारा असतो, कोंबड्या उकरतात, उकिरड्यालगत कुटाराचा ढीग असतो. पायरीपायरीने सांगितले. सर्वांना पटले. तिलाही पटले असावे. मग मी तिच्याकडे एखादे झाकणाचे भांडे मागितले, हृदय विद्यालयात न्यायचे होते. तिने घरातून डबा आणून दिला. धुऊन, पुसून.

तार मी विहिरीत टाकली.

पोळा आला. दादांनी नवा जोडीदार आणला होता. ताट तयार झाले तेव्हा आईने ते वहिनीच्या हातातून घेतले. आवाज न चढवता म्हणाली, "जिची सुई त्याच्या काळजात गेली, तिनं आता बैलाले ओवाळू नाई." आणि ताट नुकतीच लग्न होऊन आलेल्या माझ्या पत्नीकडे दिले. वहिनी वाद न घालता स्वयंपाकघरात गेली. तिने पुन्हा सुई हातात धरली नाही; फाटलेले पातळसुद्धा ती गाठ मारून नेसे. मी तिथेच उभा होतो, धुतलेल्या कपड्यांत, कपाळाला गुलाल.

एवढ्यावर संपले असते तर मी स्वतःला भित्रा म्हणून भागवले असते. घाबरलेला माणूस एक शब्द खोटा बोलून जातो; होते तसे. परंतु पुढे जे झाले तिथे भीती नव्हती.

विद्यालयाच्या गावी माझी खोली होती. एका रविवारी गोधडी उन्हात घालताना तळहातात काहीतरी टोचले. थर चाचपले. आतून वहिनीची वाकडी सुई निघाली. जिथे ती हरवली होती, तिथेच ती इतके दिवस होती — माझ्या अंगाखाली. ही सुई घेऊन मी गावची गाडी पकडली असती तर? आईपुढे ठेवून म्हटले असते, ही पाहा, ती दुसरी कसली तरी असेल? माझे नावही आले नसते. माझे काहीही न जाता ती सुटली असती. हे सारे मला त्याच ठिकाणी, त्या उन्हात, स्पष्ट सुचले होते.

मी ती सुई विद्यालयात नेली.

चांद्याचे हृदय तिथे फॉर्मॅलिनच्या बरणीत होते. उत्तम नमुना, पण धातूशिवाय अपुरा दिसे. मुले विचारत, सर, सुई कुठे आहे? अपुरा नमुना शिक्षकाला सलतो. मी हृदय बाहेर काढले. जुन्या वाटेतून सुई घालू पाहिली, परंतु तारेची वाट सरळ होती आणि सुई वाकडी. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये मांस रबरासारखे घट्ट होते. म्हणून शेजारीच, निरोगी मांसात, जोर लावून खुपसली. नमुना पूर्ण झाला. मग वर्षामागून वर्षे ती बरणी टेबलावर ठेवून मी शिकवत राहिलो : एका निष्काळजी बाईची सुई, एका बैलाचा जीव. मुले लिहून घेत. आणि त्याच तासाला, त्याच बरणीशेजारी उभा राहून मी सांगे की जखमेच्या भोवती पाहा. कुणी पाहिले नाही. बरणी सरांची होती ना.

पाहिले ते पल्लवीने. दादा-वहिनींची मुलगी. चांद्या गेला तेव्हा लहान होती; मोठी झाल्यावर आमच्याच विद्यालयात आली, माझ्याच वर्गात. त्या तासाला ती बराच वेळ बरणीकडे पाहत राहिली आणि मग उभी राहिली. "सर, ही सुई ज्या भोकात हाय ते त कोरंच हाय. अन् बाजूले जुनी वाट हाय, तिच्यात काहीच नाई. हे कसं?"

तुम्हाला सांगतो, शिक्षकाच्या आयुष्यात असा प्रश्न क्वचित येतो. मी शिकवलेले सगळे त्या एका प्रश्नात होते. मी काय केले? मी खडू खाली ठेवला आणि म्हणालो, "हे तुझ्या आईला विचार. शिवताना तिचं लक्ष कुठं होतं, ते तीच सांगेल."

निष्काळजी बाई कोण, हे वर्गाला तोवर ठाऊक नव्हते. आता झाले. वर्ग हसला. फार वर्षांपूर्वी गोठ्यात हसणारे माझ्यावर हसले होते. यावेळी हसे मी निवडून दुसरीकडे पाठवले.

ती खाली बसली नाही. दप्तर घेऊन निघून गेली, आणि काही दिवसांनी परत आली ती आईला घेऊन. वहिनीने ठेवणीतले पातळ नेसले होते. एसटीने आल्या होत्या दोघी. वहिनी दारातच थांबून म्हणाली की पोरगी काहीबाही म्हणते, सुई मागून घातल्यासारखी दिसते म्हणते. तर एकदा पाहू द्याल का. एवढी वर्षे मी तिच्या चेहऱ्यावर जे पाहिले नव्हते, ते त्या दिवशी होते. आशा होती हो. ती सुटायला आली होती.

मी बरणी खाली काढली. काच पुसली. उजेडाकडे फिरवली, तिला नीट दिसावे म्हणून.

तिने वाकून पाहिले. मग तिचे बोट काचेवर त्या बाकापाशी थांबले, नखाच्या कोरीएवढ्या. इतकी वर्षे तिच्या मनात कुठेतरी शंका जिवंत असेल, की ती सुई आपली नसेलही. ती शंका तिथे, माझ्यासमोर, संपली. "माहीच हाय," ती म्हणाली. खरेच होते ते. तिचीच होती.

तिने बरणीला हात जोडले. आणि मग विचारले, "लय दुखलं असन का हो त्याले, भाऊजी?"

इथे एक लहानसे, दयेचे खोटे बोलता आले असते. खोटे बोलण्याचा सराव तर होता. मी म्हणालो, "हो. पुष्कळ दिवस."

पल्लवी माझ्याकडे पाहत होती. सुईकडे, मग रिकाम्या वाटेकडे, मग पुन्हा माझ्याकडे. तिला सारे वाचता आले होते. तसे वाचायला तिला मीच शिकवले होते. दोघी व्हरांड्यात गेल्या. ती आईला काही सांगू लागली, हातवारे करून, भराभर. खिडकीतून मला दिसले — वहिनीने तिच्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा मारली असावी, कारण हात नंतर बराच वेळ तसाच उभा राहिला. "काकाले असं बोलतं? त्याईनं शिकवलं तुले." मला ते स्पष्ट ऐकू आले. मी बाहेर गेलो नाही. माझा पुढचा तास होता.

पल्लवीने विद्यालय सोडले. ती आता दूर असते. आईला फोन करते, घरी येत नाही. वहिनी म्हणते, पोरगी तापट निघाली.

आई गेली, दादाही गेले. निवृत्त होऊन मी याच घरी राहतो. सकाळचा चहा वहिनी देते. बैल आता फारसे कुणाकडे उरले नाहीत, पण आमच्याकडे जोडी आहे, आणि पोळ्याला दारात ती आली की ताट माझी पत्नी घेते. वहिनी आपणहून आत जाते, कुणी सांगण्याआधी. बरणी विद्यालयात आहे. माझ्या जागी आलेला तरुण चांगला शिकवतो, असे ऐकतो.

ती गोधडी माझ्याकडे आहे. वहिनीने शिवलेल्यांतली आता एवढीच उरली आहे. थर अजून घट्ट आहेत, टाका कुठे उसवलेला नाही. थंडीत मी तीच पांघरतो, आणि मला झोप लागते.